मालक कुठं बसले?

२५ जुलै २००७ ची दुपार. वऱ्हाडात निंदणाचे दिवस. तेल्हाऱ्यात त्या वर्षी वीज येण्यापेक्षा जाण्याचीच वेळ सगळ्यांना पाठ होती. पण त्या दुपारी लाइट होती. दिल्लीत संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदाची शपथ घेणार होत्या आणि आमच्या पुढच्या खोलीत आठ-दहा जणी सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या होत्या. शेजारच्या दोघी तर शेतातून लवकर घरी आलेल्या, हाताची माती तशीच. "आपल्या अमरावतीची सून" हे शब्द त्या आठवड्यात इतक्या वेळा कानावर पडले होते, की जणू प्रत्येकीच्या घरातल्याच कुणाचा तरी सत्कार होता.

पडद्यावर पांढऱ्या साडीचा पदर दिसला. डोक्यावरून घेतलेला, नीट चापूनचोपून. सगळ्या गप्प झाल्या. आणि त्या शांततेत माझ्या सासूबाईंनी विचारले,

"अन् तिचे मालक कुठं बसले व?"

हसू फुटले. एक जण म्हणाली, "बसले असतीन मांगं."

"मांगं कायले? मालक मांगं बसते काय कधी?"

मग आम्ही सगळ्याच पडद्यावर देवीसिंह शेखावतांना शोधू लागलो. शपथ राहिली बाजूला. शपथ संपली, टाळ्या झाल्या आणि थोड्याच वेळात लाइटही गेली. मालक कुठे बसले होते ते आमच्या खोलीत शेवटपर्यंत कुणाला नक्की सांगता आले नाही.

सासूबाईंचा प्रश्न तेव्हा मला गंमतीचा वाटला होता. आज वाटत नाही. राजकारणातल्या बाईविषयी आपण जे जे विचारतो, म्हणजे घर कोण पाहते, लेकरे कुणाजवळ असतात, नवऱ्याला चालते का, ते सगळे त्या एका प्रश्नात आहे. वर्तमानपत्रांतून अशा बाईवर लेख येतो तेव्हा 'तारेवरची कसरत' हा शब्द ठरलेला असतो. तारेवर चालणारी बाई सगळ्यांना दिसते. तार दोन्ही बाजूंना कुठे बांधली आहे, खुंट कोणी धरला आहे, हे पाहायला कोणी जात नाही. सासूबाई गेल्या होत्या.

म्हणून प्रतिभाताईंच्या आयुष्याकडे त्या बाजूने पाहावेसे वाटते. त्यांच्या पदांची यादी पाठ असणारे पुष्कळ आहेत. मला त्या यादीपेक्षा तिच्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो.

जळगाव जिल्ह्यातले नाडगाव हे त्यांचे जन्मगाव. जन्म १९ डिसेंबर १९३४ चा. वडील नारायणराव पाटील वकील. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात त्या शिकल्या, टेबल टेनिसमध्ये बक्षिसे मिळवली, एम.ए. झाल्या, पुढे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेतली. १९६२ मध्ये जळगावातून विधानसभेवर निवडून आल्या तेव्हा त्या अवघ्या सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि अविवाहित होत्या. लग्न झाले ते ७ जुलै १९६५ ला, अमरावतीच्या देवीसिंह रणसिंह शेखावत यांच्याशी. देवीसिंह रसायनशास्त्राचे प्राध्यापक.

आधी आमदारकी, मग लग्न. तीन वर्षांचा हा फरक लहान वाटतो, पण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आपल्याकडे बहुतेक बायकांचा क्रम उलटा. आधी लग्न, मग सासर, मग लेकरे आणि मग कधीतरी, नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या मागे, एखादी निवडणूक. अशा बाईला सार्वजनिक काम करायचे तर घराकडून परवानगी घ्यावी लागते. 'कर, पण स्वयंपाकपाणी सांभाळून' ही ती परवानगी. प्रतिभाताईंच्या बाबतीत मात्र सासरच्या माणसांनी सून पाहिली तीच मुळी आमदार होती. सभा, दौरे, अधिवेशने हे सगळे ती सोबत घेऊन येणार, हे उघडच होते. तिला परवानगी मागायची नव्हती. होकार द्यायचा की नाही, हे समोरच्याला ठरवायचे होते.

दुसरी गोष्ट आडनावाची. लग्नानंतरही त्या सार्वजनिक जीवनात पाटीलच राहिल्या. १९६५ साली, परंपरा घट्ट धरून असलेल्या राजपूत घराण्यात सून म्हणून गेलेल्या बाईने माहेरचे आडनाव चालू ठेवणे ही लहानसहान बाब नव्हती. याचे एक व्यावहारिक कारणही असणार. मतदार ज्या नावाने ओळखतात ते नाव उमेदवाराने बदलत नसतात. पण कारण व्यवहाराचे असले तरी परिणाम व्हायचा तो होतोच. पत्रिकेवर, पाटीवर, मतपत्रिकेवर बाईचे स्वतःचे नाव राहिले.

आणि तिसरी गोष्ट नकाशावर बोट ठेवून पाहण्याची. सासर अमरावती. मतदारसंघ एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर, माहेरच्या जिल्ह्यात. कचेरी आणि विधानभवन मुंबईत. १९६७ पासून सलग चार वेळा एदलाबादने त्यांना निवडून दिले. आपल्याकडे लेकीची पाठवणी केली की तिचा गावच्या कारभारातला शब्द संपतो. सणावाराला साडी-चोळी घेऊन परत जायचे एवढाच हक्क उरतो. इथे दिल्या घरी गेलेली लेक माहेरची आमदार होती आणि १९८५ पर्यंत राहिली. मुंबईहून निघालेली गाडी भुसावळ, मलकापूर, शेगाव, अकोला करत बडनेऱ्याला येते. या एकाच लोहमार्गावर त्यांचे माहेर, सासर आणि मंत्रालय ओवलेले होते. १९६७ मध्ये त्या उपमंत्री झाल्या तेव्हा लग्नाला दोनच वर्षे झाली होती. पुढे १९७२ पासून कॅबिनेट मंत्री. एक मुलगी, एक मुलगा. मुले लहान असतानाच्या त्या वर्षांत कोणत्या दिवशी कोण कुठे होते याचा हिशेब त्या घरातल्यांनाच ठाऊक. आपण एवढेच म्हणू शकतो, की हा प्रवास एकटीने ठरवून होण्यासारखा नाही.

देवीसिंहांना स्वतःला राजकारणात रस नव्हता असे मुळीच नाही. शिक्षणसंस्था उभारणारा माणूस आपल्या भागात राजकारणापासून फार काळ लांब राहत नाही. १९८५ ते १९९० ते अमरावतीचे आमदार होते आणि पुढे अमरावती महानगरपालिकेचे पहिले महापौर झाले. पण तारखा पाहा. नवरा विधानसभेत गेला तो १९८५ मध्ये, बायको विधानसभेतून बाहेर पडून राज्यसभेवर गेली त्या वर्षी. त्याआधीची वीस वर्षे निवडणुकीच्या मैदानात नाव होते ते तिचे. हे दोघांनी ठरवून केले की पक्षाच्या सोयीने जमून आले, कोण जाणे. नवरा आणि बायको दोघेही राजकारणात असले की कुणी थांबायचे, हा प्रश्न येतोच. बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते. या घरात दोन दशके ते वेगळे होते.

मोठमोठ्या घरांतही हे सहज जमलेले नाही. इंदिरा गांधींचेच पाहा. फिरोज गांधी १९५२ मध्ये रायबरेलीतून लोकसभेत आले, पण त्या काळात इंदिराजी राहत होत्या तीन मूर्ती भवनात, वडिलांचे घर सांभाळत. फिरोज यांचे बिऱ्हाड दिल्लीतच वेगळे होते. माहेरच्या कर्तव्याने त्या संसाराला जे व्हायचे ते झाले. तिकडे इंग्लंडात मार्गारेट थॅचर यांनी १९५१ मध्ये लग्न केले, १९५३ मध्ये त्यांना जुळी झाली आणि १९५९ मध्ये त्या खासदार झाल्या. त्यांचे पती डेनिस व्यवसायाने भक्कम होते आणि पत्नीच्या एक पाऊल मागे चालण्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. यावर तिकडच्या वर्तमानपत्रांनी अनेक वर्षे विनोद केले. पुढे असलेल्या बायकोवर नव्हे, मागे असलेल्या नवऱ्यावर. 'मालक मांगं बसते काय कधी' हे लंडनमध्येही होते म्हणायचे.

आता हे सगळे मंत्र्यांचे, पंतप्रधानांचे झाले. आमच्या तालुक्यातल्या एका खेड्यात राहणाऱ्या माझ्या एका चुलत जाऊबाईंची गोष्ट सांगते. त्यांचे नाव आणि गाव मुद्दाम लिहीत नाही.

महाराष्ट्राने १९९० मध्येच स्थानिक संस्थांत बायकांसाठी तीस टक्के जागा राखल्या होत्या. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि नंतर सरपंचपदेही राखीव होऊ लागली. जाऊबाईंच्या गावाला बाईचे सरपंचपद आले. गावातल्या चार शहाण्यांनी बसून ठरवले, की भाऊसाहेब माणूस सरळ आहे, त्याच्या बायकोला उभी करू. भाऊसाहेब म्हणजे जाऊबाईंचे यजमान. बायको कशी आहे, हे कुणी विचारले नाही. त्या सातवी पास होत्या आणि हिशेबाला अशा पक्क्या, की कापसाच्या गाडीचे पैसे अडत्याच्या आधी तोंडी सांगायच्या. पण ते घरातच माहीत.

त्यांच्या सासऱ्यांनी विरोध केला. घरचे कोण पाहील? जाऊबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "प्रतिभाताईनं केलं नाही काय? थ्या खासदार हायेत, त्यायचं घर मोडलं काय?" त्यांचे माहेर अमरावतीचे. १९९१ मध्ये प्रतिभाताई अमरावतीतून, म्हणजे सासरच्या गावातून, लोकसभेवर निवडून आल्या होत्या. त्या प्रचाराच्या सभा यांच्या माहेरच्या बायकांनी पाहिल्या होत्या. सासऱ्यांनी एका वाक्यात उत्तर दिले : "त्यायच्या घरी गडी-माणसं हायेत."

हे वाक्य मला अजून सोडवत नाही, कारण ते खरे आहे. मंत्र्याच्या बंगल्यावर पाहुणा आला तर चहा शिपाई आणतो. सरपंचबाईच्या घरी पाहुणा आला तर चहा कोण करणार? सरपंचबाई.

आणि नेमके तेच घडत गेले. कामासाठी माणसे यायची, ओसरीवर बसायची. जाऊबाई आत जायच्या, स्टोव्ह पेटवायच्या, आठ कप चहा करायच्या. बाहेर भाऊसाहेबांशी बोलणे चालायचे. नळाची लाइन कोणत्या गल्लीने न्यायची, शाळेच्या खोलीचे काम कुणाला द्यायचे. ट्रे घेऊन त्या बाहेर येईपर्यंत सगळे ठरलेले असायचे. मग रजिस्टर पुढे येई. "वहिनी, इथं सही करा." मासिक सभा सकाळी नऊला. नऊ म्हणजे भाकरीची वेळ, शेतावर माणसे पाठवायची वेळ. त्यामुळे सभेलाही भाऊसाहेबच. पहिले वर्ष असे गेले. गावातल्या कुणाला त्यात काही खटकले नाही, आणि खरे सांगायचे तर जाऊबाईंनाही फारसे खटकले नाही.

खटकले ते एका नळावरून. त्यांचे गाव खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवा. इथे जमिनीखाली पाणी आहे, पण खारट. पिकालाही चालत नाही आणि पोटालाही. गोड्या पाण्याची किंमत इथल्या बाईइतकी कुणाला माहीत नाही. गावात सार्वजनिक नळ कुठे बसवायचा, ते ओसरीवर ठरले आणि भाऊसाहेबांनी भिडेखातर एका वजनदार माणसाच्या दारासमोरची जागा कबूल करून टाकली. सही करायची वेळ आली तेव्हा जाऊबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "इथं नाही. खालच्या वस्तीतल्या बाया एवढ्या लांब घागरी घेऊन येतीन काय?"

त्या रात्री घरात मोठे भांडण झाले. शब्द दिला आहे, असे भाऊसाहेबांचे म्हणणे. "शब्द तुम्ही देल्ला, सही माही हाये," हे यांचे. दुसऱ्या दिवशी सरपंचाचा शिक्का सापडेना. भाऊसाहेबांनी कपाट पालथे घातले. शिक्का ज्वारीच्या पिठाच्या डब्यात होता. त्या घरात पिठाच्या डब्यात हात घालणारे दुसरे कोणी नव्हते.

नळ शेवटी मधल्या चौकात बसला. जाऊबाईंनी मासिक सभेची वेळ दुपारी दोनची करून घेतली. आणि पुढच्या काही महिन्यांत भाऊसाहेबांनी एक गोष्ट केली, जिच्याबद्दल त्यांना गावात पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. माणसे आली, की ते उठून आत जाऊ लागले. चहा करायला. आधी आधी चहात साखर जास्त पडायची. टवाळ पोरांनी त्यांना 'सरपंचबाईचे कॅन्टीन' असे नाव ठेवले होते. ते ओसरीवर नाहीत म्हटल्यावर माणसांना बोलावे लागे ते जाऊबाईंशीच. दुसरे कोणी समोर नसेच.

त्या घराचा तोल सुधारला तो इथे. जाऊबाई काही अधिक पहाटे उठू लागल्या म्हणून नव्हे. त्या आधीही चारलाच उठत होत्या.

अशा घरांची संख्या किती, हे विचारले तर मान खाली घालावी लागते. 'सरपंचपती' हा शब्द साऱ्या देशभर झाला. २०१५ मध्ये पंचायती राज दिनाच्या भाषणात पंतप्रधानांनाच सरपंचपतींचा कारभार थांबवा असे सांगावे लागले. भाषेची गंमत पाहा. प्रतिभाताई निवडून आल्या तेव्हा महिनाभर वाद चालला होता, की बाईला राष्ट्रपती कसे म्हणायचे. राष्ट्रपती या शब्दातल्या पतीचा अर्थ नवरा नव्हे, स्वामी, असे पंडितांना समजावून सांगावे लागले. सरपंचपतीमधला पती मात्र नवराच असतो आणि स्वामीही. त्याबद्दल कुणी व्याकरणाचा वाद घातला नाही.

महाराष्ट्राच्या राजकारणात मोठी झालेली दुसरी नावे आठवताना एक गोष्ट मनाला लागते. कितीतरी जणींच्या बाबतीत तोल सांभाळण्याचा प्रश्नच नियतीने काढून घेतला होता. मृणालताई गोरे यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून समाजकार्यात उडी घेतली ती केशव गोरे यांच्या सोबतीने. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. पुढे मुंबईला पाण्यासाठी हंडा-कळशी घेऊन रस्त्यावर आणणारी 'पाणीवाली बाई', आणीबाणीत भूमिगत राहून नंतर तुरुंगात गेलेली बाई, १९७७ ची खासदार, हे सगळे एकटीने घडवले. कऱ्हाडच्या प्रेमलाकाकी चव्हाण लोकसभेत गेल्या त्या १९७३ मध्ये आनंदराव गेल्यानंतर. आजच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पती आणि दोन तरुण मुलगे गमावले ते काही वर्षांच्या अंतराने. या बायकांचे मोठेपण निर्विवाद. पण कुंकू असलेली, लेकरेबाळे मोठी करत असलेली बाई पुढे येते तेव्हा समाज जास्त बावचळतो. एकटी राहिलेली बाई लोकांना समजते. तिच्याविषयी कणव असते. जिचा नवरा धडधाकट आहे आणि तरीही जी सभेला जाते, तिच्याविषयी प्रश्न असतात.

अमरावतीने तरी त्या प्रश्नांना पुष्कळदा बाजूला सारले आहे. १९८० आणि १९८४ मध्ये उषाताई चौधरी, १९९१ मध्ये प्रतिभाताई, २०१९ मध्ये नवनीत राणा. या मतदारसंघाने तीन बायका दिल्लीला पाठवल्या. शेजारच्या आमच्या अकोल्याने १९८९ ते २०२४ या काळातल्या एकाही लोकसभा निवडणुकीत बाईला पाठवले नाही. आणि १९६० पासून २०२४ पर्यंत महाराष्ट्राला एकही स्त्री मुख्यमंत्री मिळाली नाही. सावित्रीबाईंचे नाव घेऊन भाषणे सुरू करणाऱ्या राज्याने याचा विचार करायला हवा.

प्रतिभाताईंच्या डोक्यावरच्या पदराविषयी मी आमच्या महिला मंडळात दोन्ही बाजूंनी वाद ऐकला आहे. एका तरुण शिक्षिकेला तो पदर म्हणजे माघार वाटे. एवढी मोठी बाई, आणि पदर खांद्यावर येऊ देत नाही? उलट आमच्या पिढीतल्या बायका म्हणत, पदर आहे म्हणून तर सासरा गप्प बसतो. मला दुसरे जास्त पटते, पण पूर्ण नाही. कारण पदराने जो गप्प बसतो, तो पदर ढळल्यावर बोलणारच असतो. जून २००७ मध्ये उमेदवारी जाहीर झाल्यावर राजस्थानात त्यांनीच घुंगट सोडा असे बायकांना सांगितले आणि तो मोगलांच्या काळात आला असे कारण दिले. त्या कारणावर इतिहासकारांनी आक्षेप घेतला, वाद झाला. मूळ सांगणे बाजूला पडले. पुढे २५ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोई विमानातून भरारी घेतली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. साडीऐवजी वैमानिकाचा पोशाख, डोक्यावर पदराच्या जागी शिरस्त्राण. ते छायाचित्र आमच्या सासूबाईंनी वर्तमानपत्रातून कापून ठेवले होते. यावेळी मालकांची चौकशी त्यांनी केली नाही.

इथवर चांगले चांगले लिहिले. पण घर आणि राजकारण एकमेकांत मिसळले की दुसरेही काही होते. ते लिहिले नाही तर हा लेख गौरवांकातला होईल.

राजकारणातली बाई घरासाठी वेळ देते की नाही, हे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. ती घराला पद देते का, हे पाहायला हवे. ते पुरुषांच्या बाबतीत आपण कधी नीट पाहिले नाही, म्हणून बायकांच्या बाबतीत पाहू नये असे नाही. जळगावात प्रतिभाताईंच्या नावाने महिला सहकारी बँक निघाली आणि रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये तिचा परवाना रद्द केला. नातेवाइकांना दिलेल्या कर्जांचे आरोप २००७ च्या निवडणुकीत पुन्हा उगाळले गेले. काही विरोधकांनी राजकारणासाठी उगाळले हे खरे, पण बँकेत पैसे ठेवणाऱ्या बायकांच्या दृष्टीने परवाना गेला तो गेलाच. राष्ट्रपती असताना विदेश दौऱ्यांच्या खर्चावर आणि सोबतच्या कुटुंबीयांवर टीका झाली. पुण्यात निवृत्तीनंतरच्या घरासाठी लष्करी जागेचा प्रस्ताव निघाला, त्यावर माजी सैनिकांनी आवाज उठवला आणि २०१२ मध्ये त्यांनी ते घर नाकारले.

आणि २००९ ची अमरावती आमच्या वऱ्हाडात अजून कोणी विसरलेले नाही. विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने राज्यमंत्री असलेल्या सुनील देशमुखांची उमेदवारी कापून ती दिली राजेंद्र ऊर्फ रावसाहेब शेखावतांना. आई राष्ट्रपती भवनात होती. मुलगा थोड्या फरकाने निवडून आला. पाच वर्षांनी देशमुख भाजपकडून उभे राहिले आणि त्यांनी जागा परत घेतली. मुलाने राजकारणात येऊच नये असे कोण म्हणेल? पण सत्तावीस वर्षांची मुलगी १९६२ मध्ये स्वतःच्या नावावर निवडून आली, तिच्याच घरात दुसऱ्या पिढीला तिकीट मिळताना गावाने आईच्या पदाकडे बोट दाखवावे, याचे वाईट वाटते. आयुष्यात एकही निवडणूक न हरलेल्या बाईविषयी हे लिहावे लागते म्हणून अधिक.

शेखावत आडनावाची आणखी एक मौज. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत प्रतिभाताईंसमोर उभे होते भैरोसिंह शेखावत. राजस्थान म्हणे, सून आमची आणि लेकही आमचा, कुणाला द्यायचे? तीन लाख एकतीस हजारांच्या विरुद्ध सहा लाख अडतीस हजार मतमूल्याने सून जिंकली. शिवसेना विरोधी आघाडीत असूनही मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंच्या बाजूने उभी राहिली. म्हणजे राजस्थानला सून, महाराष्ट्राला लेक. नवऱ्याचे आडनाव कधी न लावलेल्या बाईला त्या आडनावाचा उपयोगही झाला आणि विरोधकही त्याच आडनावाचा मिळाला.

२४ फेब्रुवारी २०२३ ला पुण्यात देवीसिंह शेखावतांचे निधन झाले. अठ्ठावन्न वर्षांना काही महिने कमी, इतका त्यांचा संसार. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभांत बायकांना एक तृतीयांश जागा देणारा कायदा संसदेने मंजूर केला. तो प्रत्यक्षात यायला जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना व्हावी लागणार, असे त्यात लिहिले आहे. ग्रामपंचायतींत तर महाराष्ट्राने २०११ मध्येच निम्म्या जागा बायकांना दिल्या.

जाऊबाईंची पाच वर्षे संपली तेव्हा त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. पद दुसऱ्या प्रवर्गाला गेले होते. शिक्का परत करायला गेल्या तर नवीन माणसाने तो नाकाशी धरून विचारले, याला पिठाचा वास कसा काय? त्या हसल्या, बोलल्या काहीच नाहीत.

मागच्या दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांची धाकटी सून आता गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. ओसरीवर दोघे-तिघे तिच्याशी शाळेच्या पत्र्यांविषयी बोलत होते. मी सवयीने उठले, म्हटले चहा टाकते. जाऊबाईंनी माझा हात धरून खाली बसवले.

"बस वं तू. थे गेले ना आत."

आतून कपबशांचा आवाज येत होता. भाऊसाहेब आता सत्तरीच्या पुढे आहेत. साखर अजून जास्तच पडते.